पंचवीसच्या वेगाचा सूर

सूरमावशींच्या कानांबद्दल शहरात इतक्या गोष्टी सांगितल्या जायच्या की त्यातल्या निम्म्या तरी खोट्या असणारच. गंमत अशी की उरलेल्या निम्म्या, म्हणजे खऱ्या, ऐकायला जास्त खोट्या वाटायच्या. एकदा त्या नाट्यगृहात नवव्या रांगेत बसल्या होत्या. मध्यंतरात आत गेल्या आणि प्रकाशवाल्याला म्हणाल्या, "डावीकडचा तिसरा दिवा रडतोय, बदला." त्याने हसण्यावारी नेलं. दुसऱ्या अंकात राजा मरायच्या आधीच दिवा गेला, आणि राजाला अंधारात मरावं लागलं.

मावशींचा धंदा पियानो सुरात लावण्याचा. एक्केचाळीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. खांद्याला कातडी पिशवी. तिच्यात खुंट्या फिरवायची लांब दांड्याची किल्ली, शेजारच्या तारा गप्प बसवायला फेल्टचे तुकडे, सुट्या तारांची वेटोळी आणि एक स्वच्छ फडकं. पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा. त्यातली पहिली लावली की बाकीच्या तिच्या बोटाला धरून येतात. पहिलीच चुकली तर सगळ्या चुकतात, पण एकमेकींशी न भांडता, एका रांगेत, शिस्तीने चुकतात.

ही पहिली तार लावायला लोक नादकाटा वापरतात. नादकाटा म्हणजे दोन दातांचा पोलादी चिमटा. कशावर तरी हलका आपटला की एकच एक सूर देतो, आणि तो कधी बदलत नाही. मावशींकडेही एक होता, त्यांच्या गुरूंनी दिलेला. पण गेली तीस वर्षं तो शिवणाच्या डब्यात बटणांच्या सोबतीला पडून होता. कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "सूर डोक्यात आहे माझ्या. चष्मा लावून स्वप्नं बघतं का कुणी?"

त्यांचे यजमान पडदेकाका. अडतीस वर्षं त्यांनी त्याच नाट्यगृहात पडदा ओढला. "रंगमंचावर माझ्याइतका कुणी राबला नाही आणि माझ्याइतका कमी कुणी दिसला नाही," असं ते छाती पुढे काढून सांगत. लग्नानंतर मावशींना कामाला सोडायची जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली. त्यांच्याकडे एक जुनी स्कूटर होती. ती चालायची कमी आणि भांडायची जास्त. तिच्यावरून उतरलं की मावशींच्या कानात पाऊण तास कारखाना चालू. मग दोघं ज्याच्याकडे काम असेल त्याच्या कुंपणाच्या कठड्यावर बसायची. काका सुरीने सफरचंद कापायचे, अर्धं तिला, अर्धं स्वतःला. कानातला धुरळा खाली बसला की मावशी उठायच्या, "चला, झाडून झालं," म्हणायच्या आणि आत जायच्या.

पुढे काकांच्या डोळ्यांनी दगा दिला. मधोमध काळा डाग आणि कडेने धूसर उजेड. शस्त्रक्रियेने भागणारं दुखणं नव्हतं. डॉक्टरांकडून परत येताना काका म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुढचा पडदा उघडला. आता माझ्यापुढचा उघडायची वेळ आली तर दोरीच सापडेना." मावशी हसल्या नाहीत. मग काकाही हसले नाहीत. स्कूटर विकली.

मावशींनी बस धरून पाहिली. दोन बस बदलायच्या, पिशवी मांडीवर, आणि इंजिन नेमकं त्यांच्याच सीटखाली. पोचेपर्यंत अर्धा दिवस जायचा आणि कान तर पूर्णच जायचे. हळूहळू लांबची कामं नाकारायला लागल्या. आधी डॉक्टरीणबाईंच्या घरचं, मग वृद्धाश्रमातलं. नदीपलीकडच्या शाळेचं तेवढं राहिलं होतं, त्यांनाही "यंदा जमेलसं वाटत नाही" म्हणायची तयारी चालली होती. 'नाही' म्हणून फोन ठेवला की त्या दिवशी घरातल्या कुठल्याही आवाजावर बोलायच्या नाहीत. नळ ठिबकत राहिला तरी नाही. काकांना त्या गप्प बसण्याची भीती वाटायची.

शेवटी परगावच्या लेकीने फोनवर फर्मान काढलं. "आई, बॅटरीवरची सायकल घे."

"या वयात?"

"या वयासाठीच काढलीये ती. तरुणांना काय, ते बोंबलत जातात कशावरही."

सायकलच्या दुकानात दोघं गेली तेव्हा दुकानदार पाठ केलेल्या भाषणासारखा सुरू झाला. एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर, चढावर किती, ब्रेक कसले, दिवे कसले. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चालू करून दाखवता? जागच्या जागी."

त्याने मागचं चाक उचलून स्टँडवर घेतलं आणि पेडल फिरवलं. मावशी सदुसष्टाव्या वर्षी दुकानाच्या फरशीवर गुडघे टेकून बसल्या आणि चाकाच्या मध्याशी कान नेला.

"मावशी, लोक टायर दाबून बघतात," दुकानदार म्हणाला. "तुम्ही तर नाडी बघताय."

"ही दातओठ खातेय. दुसरी दाखवा."

दुसरी मावशींच्या मते दमेकरी निघाली. तिसरीचं चाक फिरलं आणि त्यांनी डोळे मिटले. बारीक, स्वच्छ, एकसंध गुंजन. उगाच कुरकुर नाही, खडखड नाही.

"हीच."

"रंग नाही बघितलात?"

काका मध्ये पडले. "मला दिसत नाही, तिने बघितला नाही. तुम्हीच सांगून टाका."

"नारिंगी आहे. चांगली भडक."

"मग बरं झालं," काका म्हणाले, "निदान मोटारवाल्यांना तरी दिसेल."

पहिल्या दिवशी अंगणात मावशी बसल्या, पेडलवर पाय दिला आणि सायकल अशी सुटली की त्यांनी ब्रेक दाबून मागे वळून आवाज चढवला, "अहो, ढकलताय काय?"

काका दहा पावलं मागे काठी टेकून उभे होते. "मी? मी इथे आहे."

मावशींनी पुन्हा पेडल मारलं. पुन्हा पाठीवर तोच हात. ना जोराचा, ना घाईचा, लहानपणी सायकल शिकवताना वडील ठेवतात तसा. तीन फेऱ्या मारून त्या उतरल्या आणि पदराने तोंड पुसलं. काकांना डोळ्यांनी दिसलं नाही, पण पदराचा आवाज त्यांना कळला.

मग ती सायकल घरातलीच झाली. संध्याकाळी बॅटरी काढून स्वयंपाकघरात आणायची आणि भिंतीला लावायची. काका तिला 'पाहुणी' म्हणायचे. "आली, बसली, पोटभर खाल्लं, सकाळ झाली की चालली. एक कप उचलून ठेवेल तर शपथ." थंडीत पाहुणी लवकर दमते हा शोध मावशींना पुलावर लागला. उलटा वारा, पाठीवर पिशवी, बॅटरीवरचा शेवटचा दिवा लुकलुकला आणि विझला. मग ते नारिंगी धूड म्हैस ओढावी तसं दोन किलोमीटर ओढून आणलं. त्या दिवसापासून चार्जर पिशवीत जायला लागला, किल्लीच्या शेजारी.

पण बाकीचे दिवस! पुलाचा चढ लागला की हँडलवरचं बटण दोनदा दाबायचं. मग पिशवीचं ओझं खांद्यावरून जणू कुणीतरी काढून घ्यायचं. एकदा अंगाला चिकटलेले कपडे घातलेला एक शर्यतवाला त्याच चढावर धापा टाकत होता. मावशी टोपी सावरत, अंगरख्याची टोकं फडफडवत त्याच्या शेजारून पुढे गेल्या.

"ही लबाडी आहे!" तो ओरडला.

"आहे रे बाबा," मावशी मागे न बघता म्हणाल्या. "सदुसष्ट वर्षं प्रामाणिकपणे चढले. आता थोडी लबाडी करू दे."

वृद्धाश्रमाचं काम परत आलं. डॉक्टरीणबाईंचंही. प्रत्येक ठिकाणी पोचल्यावर मावशी सायकलच्या सीटवर थाप मारायच्या आणि कुणी आसपास नसेल तर "उपकार गं," असंही म्हणायच्या. सगळ्यात मोठा उपकार कानांचा होता. स्कूटर नाही, बस नाही, कानात धुरळाच नाही. मग कठड्यावर बसायचं कशाला? उतरल्या की थेट आत, थेट किल्ली हातात. दिवसाला एक पियानो जास्त व्हायला लागला.

रस्त्यावरची त्यांची एकच लहर होती. या सायकली ताशी पंचवीस किलोमीटरपर्यंतच जोर देतात. त्यापुढे गेलं की मोटर हात आखडता घेते, कायदाच तसा. वेग कमीजास्त झाला की गुंजन वरखाली व्हायचं, आणि वरखाली होणारा आवाज मावशींना दाताखाली खडा आल्यासारखा. नेमक्या पंचवीसवर ते स्थिर व्हायचं. म्हणून सपाट रस्ता लागला की त्या वेग पंचवीसवर आणायच्या आणि तिथेच धरून ठेवायच्या, पाऊण पाऊण तास, तंबोऱ्याची तार धरावी तसा.

नदीपलीकडच्या शाळेत वार्षिक कार्यक्रम होता. पाच दिवस आधी मावशी तिथे पोचल्या. संगीत शिकवणारी मुलगी तिशीची असेल. ती अकॉर्डियन वाजवायची आणि मावशींना गुरुस्थानी मानायची. सभागृहातला पियानो म्हणजे जुनं खोड. काळं झाकण ओरखड्यांनी भरलेलं, आणि दर वर्षी आपल्या सुरावरून घसरणारा. मावशींनी पहिली पट्टी दाबली आणि चकित झाल्या.

"अगं, यंदा म्हातारा जागचा हललाच नाही की! काय खायला घातलंस त्याला?"

"मी कुठे काय, मावशी? वर्षभर झाकणच लावून ठेवलं होतं."

मावशींनी तीन तास खपून किरकोळ दुरुस्त्या केल्या. सगळे सूर एकमेकांत असे मिसळले की त्यांनाच दोन घटका उठवेना. पियानोचं झाकण लावताना त्यांनी त्यालाही एक थाप दिली.

दोन दिवसांनी संध्याकाळी त्या वृद्धाश्रमातून परतल्या. चपला काढतात न काढतात तोच फोन वाजला. शाळेतली संगीत शिकवणारी मुलगी होती.

"मावशी, कसं सांगू कळत नाहीये. पियानो छान झालाय. म्हणजे... स्वतःशी छान आहे. पण बाकी कुणाशी जमत नाहीये."

"बाकी कुणाशी म्हणजे?"

"माझ्या अकॉर्डियनशी. दोन्ही बरोबर वाजवले की मुलं कान दाबतात. माझंच वाद्य बिघडलं असेल, मावशी."

मावशी खुर्चीवर टेकल्या. "अकॉर्डियनमधल्या पात्या पोलादाच्या असतात, पोरी. त्या आपोआप वर चढत नाहीत. पियानो किती खाली आहे?"

"पाव सूर. मुख्याध्यापक दुसऱ्या कुणाला बोलवा म्हणत होते. मी म्हटलं, मावशींना विचारल्याशिवाय त्या झाकणाला कुणी हात लावायचा नाही."

फोन ठेवून मावशींनी शिवणाचा डबा काढला. बटणांच्या खालून नादकाटा वर आला. आधी त्यांनी डोक्यातला सूर गुणगुणला, लांब, निश्चिंत. मग काटा टेबलाच्या कडेवर आपटून कानाशी धरला.

काटा वर होता. त्या खाली होत्या. बरोबर पाव सूर.

पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. मावशींनी काटा दोन्ही हातांत घेऊन मांडीवर ठेवला. त्यांच्या गुरूंचे कान असेच गेले होते, आणि गुरूंना ते सगळ्यात शेवटी कळलं होतं. गिऱ्हाइकं दाराआड हसायची. तेव्हा तरुण असलेल्या मावशींनी मनाशी ठरवलं होतं की आपले कान ज्या दिवशी पहिलं खोटं बोलतील त्या दिवशी पिशवी बंद. दुसऱ्या खोट्याची वाट बघायची नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "पडदा टाका."

काका खिडकीजवळच्या खुर्चीत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "कसला पडदा?"

"कान गेले माझे. संपलं."

"हे बघ," काका म्हणाले, "अडतीस वर्षं मी दोरीपाशी उभा होतो. नटाला दर दोन अंकांनी वाटतं की आता संपलं. कुणी वाक्य विसरतं, कुणाची मिशी निघते, खूण करतात मला, टाक म्हणून. मी कधी टाकला नाही. खेळ संपल्याशिवाय पडदा पडत नसतो. आधी जेवून घे."

"चेष्टा नको."

"चेष्टा नाही. सकाळी उठल्या उठल्या गा. कुणाशी बोलायच्या आधी. मग बघू."

मावशींना रात्रभर नीट झोप लागली नाही. उजाडताच त्यांनी अंथरुणातच सूर लावला आणि काटा उशाच्या लाकडावर आपटला. दोन्ही आवाज एकात एक मिसळले, दुधात दूध ओतावं तसे. मावशी ताडकन उठून बसल्या.

"बरोबर आहे!"

"म्हणजे रात्रीत कान परत आले?" काका पांघरुणातून म्हणाले.

"कान म्हणजे काय मांजर आहे, बाहेर फिरून परत यायला?"

"तेच म्हणतोय मी." काका उठून बसले. "एक सांगू? डोळे गेल्यापासून मी तुझी वाट कानांनीच बघतो. तू गल्लीत वळलीस की आधी त्या नारिंगी बयेचा आवाज येतो. मग तुझा. तू तिच्याबरोबर गुणगुणत येतेस."

"मी? छे!"

"तू. बया कोपऱ्यावर गप्प होते, पण तू होत नाहीस. हात धुताना तोच सूर, चहा टाकताना तोच. चांगला अर्धा तास. काल चपला काढतानाही चाललं होतं तुझं. मला वाटलं खुशीत आहेस, मी कशाला मोडता घालू?"

मावशींनी काटा उचलला आणि अंगणाची वाट धरली.

त्या सकाळी अंगणात जे चाललं होतं त्याला तिकीट लावायला हरकत नव्हती. नारिंगी सायकल स्टँडवर. काका बुटक्या स्टुलावर बसून दोन्ही हातांनी पेडल फिरवतायत. मावशी झोपायच्या कपड्यांत चाकाशी कान लावून गुडघ्यांवर.

"हळू. अजून. किती झाले?"

"मला काय विचारतेस आकडा? तूच बघ!"

"बावीस... चोवीस... पंचवीस. धरा! तिथेच धरा!"

"धरलंय, पण हात माझे आहेत, मोटरचे नाहीत!"

गुंजन स्थिर झालं. मावशींनी काटा स्टुलाच्या कडेवर आपटला आणि दुसऱ्या कानाशी धरला. एका कानात पोलाद, दुसऱ्या कानात सायकल.

"काटा वर आहे!" त्या ओरडल्या. "ही खाली आहे! बरोबर पाव सूर खाली आहे!"

वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी खिडकी उघडली. "काय झालं हो काका? सायकल बिघडली?"

"सायकल ठणठणीत आहे, वहिनी. बायको दुरुस्त झाली."

मावशी जमिनीवरच बसल्या. हसू आणि रडू एकदमच आलं, आणि दोघांनाही त्यांनी वाट करून दिली. "अहो, पाऊण तास हिला कानाशी धरून मी शाळेत गेले. ही माझ्या सुराच्या इतकी जवळ येते, पण पंचवीसच्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणून तिथेच अडते. आणि मी तिच्याबरोबर अडले. सव्वादोनशे तारा मी सायकलला लावून आले हो!"

"म्हणजे कान गेले नाहीत."

"कान इतके शाबूत आहेत की दाखवला तो सूर त्यांनी केसाचाही फरक न करता धरला. म्हातारा जागचा हलला नाही म्हणे! पाव सूर घसरला होता बिचारा, नेहमीसारखाच. मीही तेवढीच घसरून त्याला भेटले." मग त्यांना आठवलं. "पण वृद्धाश्रमात? डॉक्टरीणबाईंकडे?"

"तिथे पियानोबरोबर दुसरं काही वाजतं का?"

"नाही."

"मग ते सुखात आहेत. सवडीने सांग त्यांना." काकांनी स्टुलावरूनच चाकाच्या दिशेने बोट केलं. "हिचं काय करायचं? विकायची?"

"का म्हणून?" मावशी उठल्या. "तिने कधी सांगितलं की मी बरोबर आहे? मीच विचारलं नाही. तीस वर्षं कुणालाच विचारलं नाही मी."

शाळेत फोन करून त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. थाप मारणं सोपं होतं. हवा दमट होती म्हणता आलं असतं, पियानोचं वय पुढे करता आलं असतं. पण ती मुलगी त्यांच्यासाठी मुख्याध्यापकांपुढे उभी राहिली होती. तिच्या हातात खोटं देणं मावशींना जमलं नाही. पलीकडे असं हसू फुटलं की मावशींना फोन कानापासून लांब धरावा लागला.

"मावशी, मुलांना सांगू का हे?"

"सांग. पण माझ्या तोंडावर हसायला लावू नकोस. काम आटोपल्यावर."

काम सोपं नव्हतं. सगळ्या तारा पाव सूर वर ओढायच्या म्हणजे पियानोवर मणामणाचा ताण. एकदा ओढलं की तारा लगेच खाली घसरतात. पुन्हा ओढायचं, एक रात्र बसू द्यायच्या, मग बारीक दुरुस्ती. कार्यक्रम परवावर आलेला. म्हणजे आज, उद्या आणि परवा सकाळी, तीन वेळा नदीपलीकडे. बसने हे या जन्मात झालं नसतं. काकांना मावशी निघताना म्हणाल्या, "यावेळीही अकॉर्डियनशी जमलं नाही, तर मात्र तुमचं काही ऐकणार नाही. पिशवी बंद."

काकांनी मान हलवली.

शाळेच्या फाटकाशी उतरून मावशी पायरीवर बसल्या. अर्धा तास. डोळे मिटून, हात मांडीवर. मुलीने बाहेर येऊन चहा दिला आणि शेजारी बसली. दर वर्षी येणाऱ्या मावशींशी ती आजवर एवढं कधी बोललीच नव्हती. तिची आई आजारी आहे, तिला स्वतःलाही पियानो शिकायचा होता पण हात लहान पडले, हे मावशींना त्या पायरीवर कळलं. मग त्या आत गेल्या, पिशवी उघडली आणि मुलीच्या देखत काटा बाहेर काढला. काटा आपटला. पहिली तार वर चढू लागली.

पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत बोटं सुजली. कोपऱ्यात भिंतीला बॅटरी लावलेली, मुलं येता-जाता तिच्याकडे बघायची. दुसऱ्या दिवशी वरच्या सप्तकातली एक तार बंदुकीसारखी तुटली. दारात डोकावणारी चार मुलं किंचाळून पळाली. मावशींनी तुटकं टोक खिशात घातलं आणि नवी तार चढवली. नव्या तारेचं कसं असतं, नव्या नोकरासारखं. पाठ फिरवली की सैल. त्यांनी ती ओढली, ती घसरली. पुन्हा ओढली, पुन्हा घसरली. अंधार पडायच्या आत पूल ओलांडायचा म्हणून ती तशीच टाकून निघावं लागलं. वाटेत त्यांनी वेग एकदा वीसवर आणला, एकदा तेवीसवर, मुद्दामच वरखाली. दाताखाली खडे आले, पण त्या गुणगुणल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी सभागृहात खुर्च्या मांडल्या जात होत्या. मावशींनी अर्धा तास बाहेर काढला, आत आल्या आणि एकेक सूर तपासत वर गेल्या. बसलेले. बसलेले. नवी तार पुन्हा थोडी उतरली होती. त्यांनी किल्ली लावली, वर घेतली, पट्टी दहा वेळा जोरात दाबली, पुन्हा ऐकलं. थांबली होती. तरी त्यांनी पाच मिनिटं वाट पाहिली. मग खुंटीवरची किल्ली काढली.

"आण तुझं वाद्य."

मुलीने अकॉर्डियन गळ्यात अडकवलं. खुर्च्या मांडणारे थांबले. कुणी सांगितलं नव्हतं, तरी थांबले. दाराशी गाणाऱ्या मुलांचा घोळका जमला. मावशींनी मधली पट्टी दाबली आणि दाबून धरली. मुलीने भाता उघडला.

एकच सूर वाजला. दोन वाद्यांतून निघाला, पण एकच. मावशींनी मान वर केली नाही. त्यांनी एक पट्टी वर जाऊन दाबली, मग आणखी एक, थेट त्या नव्या तारेपर्यंत. मुलगी मागून येत राहिली. कुठेही सांधा दिसला नाही. मग मुलीने मुलांकडे बघून मान डोलावली, आणि मुलं कान न दाबता गायला लागली.

मावशी पिशवी भरायला वाकल्या. फेल्टचे तुकडे एकेक करून, सावकाश ठेवले. गाणं संपलं तेव्हा मुलीने अकॉर्डियन खाली ठेवलं आणि येऊन त्यांना मिठीच मारली.

"मावशी, पुढच्या वर्षी याच आठवड्यात याल ना?"

"पुढच्या वर्षी कशाला?" मावशींनी डोळे पुसले आणि पिशवीचा पट्टा आवळला. "ओढून वर आणलेल्या तारा हळूहळू खाली उतरतात. तीन महिन्यांनी येते. तारीख लिहून ठेव."